बाळ घरी येण्याआधी: पैशांची आणि कागदांची तयारी

दत्तक घेतलेल्या मुलासाठी सरकार दरमहा पैसे देते, असा समज अजून बऱ्याच घरांत आहे. तो आधी मनातून काढा. केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतले, म्हणजे मिशन वात्सल्यमधले महिन्याचे 4,000 रुपये किंवा राज्याच्या बाल संगोपन योजनेतली मदत दत्तकासाठी नाही, ती मूल दत्तक न घेता सांभाळणाऱ्या किंवा अडचणीतल्या कुटुंबांसाठी आहे. दत्तक पालकांच्या वाट्याला येतात त्या रजा, विमा आणि करातल्या सवलती. त्या मागाव्या लागतात, वेळेत आणि कागद दाखवून.

सुरुवात खर्चापासून करा. ‘कारा’च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या) 2022 च्या नियमावलीनुसार देशांतर्गत दत्तकासाठी गृह अध्ययन अहवालाचे, म्हणजे तुमच्या घराच्या पाहणीचे 6,000 रुपये आणि मूल ताब्यात घेताना बालसंगोपन निधीचे 50,000 रुपये भरायचे असतात. पुढे दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट असते. प्रत्येक रकमेची पावती घ्या. त्यापलीकडे कोणी ‘देणगी’ मागितली, तर देऊ नका. नियमांत ती चालत नाही. रुग्णालयातून किंवा ओळखीतून ‘लवकर’ मूल मिळवून देणाऱ्याला तर दारातही उभे करू नका. मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि अशा व्यवहारात सर्वांत जास्त भोगावे लागते ते मुलाला.

आता रजा. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून दत्तकासाठी नोंदणी केली की लगेच नोकरीच्या ठिकाणी लेखी विचारा. मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने दत्तक आईसाठी, मूल हाती आल्याच्या दिवसापासून 12 आठवड्यांची पगारी रजा आली; मात्र मूल तीन महिन्यांहून लहान असावे, अशी अट त्या दुरुस्तीत होती. सोडून दिलेले मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरेपर्यंतच काही महिने जातात, त्यामुळे ही अट आपल्याकडच्या बहुतेक आयांच्या उपयोगाची नव्हती. माझ्या मते ती मुळातच अन्यायाची होती: दोन वर्षांच्या मुलाला नव्या घरात रुळायला तान्ह्या बाळापेक्षा कमी नव्हे, जास्तच वेळ लागतो. म्हणून फक्त कायद्यावर विसंबू नका, कंपनीचे स्वतःचे धोरण मागवून घ्या. काही कंपन्या मुलाच्या वयाची अट घालत नाहीत आणि वडिलांनाही रजा देतात. केंद्र सरकारच्या सेवेत एक वर्षाखालचे मूल दत्तक घेतल्यास आईला 180 दिवस आणि वडिलांना 15 दिवस रजा आहे, दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असतील तर. राज्य सरकारी नोकरीत असाल, तर आस्थापना शाखेकडून ताजा शासन निर्णय घ्या. रजा अपुरी पडणार असेल, तर एकाच्या पगाराचे काही महिने आतापासून बाजूला टाका. ‘कारा’च्या पोर्टलवर मुलाची माहिती आल्यावर ते मूल राखून ठेवायला फक्त 48 तास मिळतात. त्या दोन दिवसांत पैशांचा हिशेब मांडायची वेळ येऊ नये.

मूल आधी दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येते आणि जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश नंतर निघतो. (बाल न्याय कायद्यातली 2021 ची दुरुस्ती लागू होईपर्यंत हे काम न्यायालयाकडे होते.) मधल्या काळात हातात आदेश नसतो, पण ताप येतो, लसी द्यायच्या असतात. त्यामुळे विमा कंपनीला आणि कार्यालयातल्या गट विम्याच्या विभागाला आधीच विचारा: संगोपनाच्या कागदावर मुलाचे नाव चढते का, किती दिवसांत कळवावे लागते, आधीपासूनचे आजार कव्हर होतात का. उत्तर ईमेलवर घ्या, फोनवरचे आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

विशेष गरजा असलेले मूल घरी येणार असेल, तर युडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचे काम पहिल्याच महिन्यांत हाती घ्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुदिव्यांगत्व असेल, तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना 1 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य कवच देते. जुन्या करप्रणालीत अशा मुलाच्या सांभाळासाठी 75,000 रुपयांची, आणि दिव्यांगत्व 80 टक्के किंवा अधिक असेल तर 1,25,000 रुपयांची वजावट आहे. थेरपीचा खर्च दर आठवड्याचा असतो, त्यामुळे ही रक्कम सोडून देण्याजोगी नाही.

आदेश हाती आला की दत्तक संस्थेमार्फत तुमच्या नावांचा जन्मदाखला मिळतो. त्यावर आधार, शाळा, पासपोर्ट सगळे चालते. मुलगी दहा वर्षांखालची असेल, तर सुकन्या समृद्धी खाते उघडा, वर्षाला 250 रुपयांपासून सुरू होते. आयकरात ‘मूल’ या व्याख्येत दत्तक मूल येतेच, तेव्हा जुन्या प्रणालीत असाल तर शाळेच्या शिकवणी शुल्काची वजावट विसरू नका. त्याच आठवड्यात भविष्य निर्वाह निधी, मुदत विमा आणि बँकेतली नामनिर्देशने बदला. वारसा हक्क आदेशाच्या तारखेपासून कायद्यानेच मिळतो, तरी जुन्या नामनिर्देशनात पुतण्याचे नाव राहिले तर मुलाला नंतर धावपळ पडते. आदेशाच्या साक्षांकित प्रती जास्तीच्या काढून एक घराबाहेर, विश्वासाच्या नातेवाईकाकडे ठेवा.