युनिव्हर्सिटीतला क्लब चालता ठेवायचा तर काय काय करायचं

आधी एक सांगते. क्लब म्हणजे वर्षातून दोन मोठे कार्यक्रम आणि त्यांचे फोटो असं डोक्यात असेल तर पहिलं वर्ष छान जातं आणि दुसऱ्या वर्षी खुर्च्या रिकाम्या राहतात, मी हे डोळ्यांनी बघितलंय. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी कोल्हापूरहून पुणे विद्यापीठाच्या कॅम्पसवर राहायला आले तेव्हा ओळखीचं एक माणूस नव्हतं. चारशे एकरांच्या वरचा परिसर, गणेशखिंडीतली ती जुनी मोठी झाडं, सात वाजून गेले की क्वार्टर्सच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि नवरा डिपार्टमेंटमधून यायचा आठ-साडेआठला. म्हणजे क्लबची गरज आधी मलाच होती. नंतर सात-आठ वर्षं त्याचं काम केलं, त्यातून जे कळलं ते लिहितेय, कुणाच्या कॅम्पसवर असं काही सुरू करायचं असेल तर उपयोगी पडेल.

विद्यापीठात माणसं किती प्रकारची असतात बघा, हॉस्टेलची मुलं-मुली, पीएचडी करणारे, प्राध्यापक, ऑफिसचा स्टाफ, त्यांच्या घरचे, रिटायर झालेले पण रोज फिरायला येणारे, परदेशी विद्यार्थी. हे सगळे एकाच रस्त्याने जातात पण एकमेकांशी बोलत नाहीत. ते बोलायला लागले पाहिजेत, बाकीचं सगळं त्यासाठी.

आमच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाची गोष्ट अजून मनात सलते. दिवाळीचा फराळ ठेवलेला, दीडशे माणूस, कंदील, गाणी, सगळं व्यवस्थित. परदेशातून आलेली एक रिसर्च स्कॉलर कडेच्या खुर्चीवर डिश घेऊन बसली होती, तिला येऊन महिनाच झालेला. मी माइक आणि चिवड्याचे डबे यांच्या मागे धावत होते, दोनदा तिच्याकडे बघून हसलेसुद्धा, पण थांबले नाही. पुढच्या आठवड्यात दुकानात भेटली तर म्हणाली, तासभर बसले, कुणी बोललं नाही म्हणून गेले. ती पुन्हा कधी आली नाही. त्यानंतर आम्ही नियम केला की प्रत्येक कार्यक्रमाला दारात दोन माणसं अशी उभी करायची ज्यांना दुसरं काहीही काम द्यायचं नाही, ना खुर्च्या, ना जेवण, ना पैसे. नवीन माणूस आला की नाव विचारायचं, कशाची आवड आहे विचारायचं आणि हाताला धरून त्या आवडीच्या माणसापाशी नेऊन सोडायचं, "ही मायक्रोबायोलॉजीला आलीये, हिला फोटोग्राफी आवडते, तुम्ही बोला." नुसतं "या, बसा" म्हणून होत नाही.

आणि दुसऱ्या वेळेला आला की लगेच काम द्यायचं. पहिल्या वेळी पाहुणा, दुसऱ्या वेळी चहा ओतायला हात लावायला सांगायचा. आपल्याला वाटतं नवीन माणसाला कशाला त्रास, पण उलट असतं, हातात किटली असली की दहा जणांशी आपोआप बोलणं होतं आणि पुढच्या वेळी तो माणूस "आपला चहा" म्हणून येतो.

आता आवडीचे गट. मोठा कार्यक्रम माणसं आणतो, पण ती टिकतात छोट्या गटात. गट सुरू करताना आवडी विचारणारा गूगल फॉर्म अजिबात फिरवू नका. आम्ही फिरवला होता, लोकांनी पंधरा-पंधरा आवडींवर टिक केलं आणि आलं कुणीच नाही. त्यापेक्षा कॅम्पसवर असा एक माणूस शोधा जो ती गोष्ट तशीही करतोच आहे, कुणी येवो न येवो. आमचा पक्षी बघायचा गट असाच झाला. एक रिटायर झालेले काका रोज सकाळी दुर्बीण घेऊन फिरायचे, आम्ही फक्त एवढं केलं की दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी साडेसहाला मेन बिल्डिंगसमोर भेटा असा मेसेज टाकला. वार आणि वेळ कायमची ठरवा, दर वेळी "कुणाला कधी जमेल" असा पोल घेतलात की गट संपला समजा. तीनच जण आले तरी ठरल्या वेळी निघायचं, आणि सहा वेळा भेटल्याशिवाय चालतंय की नाही याचा विचारच करायचा नाही.

पक्ष्यांचा गट मी सगळ्यांना सुचवते कारण खर्च शून्य आणि वय आड येत नाही. आमच्याकडे राखी धनेश दिसतो, त्याचा तो वाकडा आवाज एकदा ओळखीचा झाला की वर्गात बसूनही कळतो, तांबट आहे, शिंजीर आहे, हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. पाहिलेलं ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, नोंदवायची सवय लावा. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवसांचा, त्यात भारतातली कॉलेजं आणि विद्यापीठं कॅम्पस बर्ड काउंट करतात. किमान पंधरा मिनिटं एका जागी किंवा चालत दिसेल तेवढे पक्षी मोजायचे, इतकं सोपं. वर्षभर न फिरकलेली माणसंसुद्धा या चार दिवसांत येतात कारण मोजायचं काम मिळतं, बघा परत तेच, काम.

आकाशदर्शनाचं म्हणाल तर आमचं नशीब चांगलं. डॉ. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये उभं केलेलं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र, कॅम्पसमध्येच आहे, विज्ञान दिनाच्या म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमाराला तिथे लोकांसाठी कार्यक्रम असतात, आम्ही तेव्हा घोळक्याने जायचो. पण स्वतःची छोटी दुर्बीण असेल तरी गट चालतो. फक्त तिथी बघून ठरवा. चंद्र दाखवायचा तर पौर्णिमेला नको, शुद्ध सप्तमी-अष्टमीला ठेवा, अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या रेषेपाशी विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि लहान मुलं अक्षरशः ओरडतात. तारकासमूह दाखवायचे तर अमावस्येच्या आसपास. पावसाळ्यात हा गट बंदच ठेवा.

ट्रेकच्या गटाला माणसं मागायला लागत नाहीत, आवरायला लागतात. नवीन लोकांसाठी लोहगड बरा पडतो, खडकी किंवा शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, भाज्याची लेणी बघायची आणि वर चालत जायचं. गाडी ठरवायची भानगड नाही आणि तिकीट सगळ्यांना परवडतं, हे फार महत्त्वाचं आहे, कारण हॉस्टेलमधल्या मुलांचे महिन्याचे पैसे मोजलेले असतात आणि ट्रेकला आठशे रुपये म्हटलं की ती "अभ्यास आहे" म्हणून घरी बसतात. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले त्यात लोहगड आहे, परदेशी मुलांना हे सांगितलं की त्यांनाही जायचं असतं. पावसाळ्यातला रविवार मात्र टाळाच, दरवाज्यांत एवढी गर्दी होते की चेंगरायची भीती वाटते, मधला वार बघा. एका ट्रेकला वीसच्या वर माणसं नेऊ नका, एक पुढे एक मागे माहितगार माणूस, आणि मुलींच्या हॉस्टेलची गेट बंद व्हायची वेळ आधी विचारून त्याच्या दोन तास आधी परत यायचं नियोजन करा. हे न विचारल्यामुळे एकदा तीन मुलींना गेटवर उत्तरं द्यायला लागली, ती चूक आमची होती.

भाषेचा गट माझा सगळ्यात लाडका. दर बुधवारी संध्याकाळी कॅन्टीनच्या बाहेर, जोड्या लावायच्या, अर्धा तास मराठी आणि अर्धा तास समोरच्याची भाषा, फारसी असो, अरबी असो, नाहीतर मल्याळम. व्याकरण शिकवू नका, रिक्षात काय बोलायचं, मंडईत भाव कसा करायचा, आजारी पडलं तर डॉक्टरला काय सांगायचं एवढंच घ्या. आमच्या क्वार्टर्समधल्या काकू, ज्या कधी कुठल्या कार्यक्रमात पुढे आल्या नव्हत्या, त्या इथे सगळ्यात भारी निघाल्या कारण त्या इंग्लिशमध्ये घसरतच नाहीत, सरळ मराठीत बोलतात, हातवारे करतात आणि समोरच्याला बरोबर कळतं. एका मुलाने तीन महिन्यांनी "काकू, कोथिंबीर जुडी केवढ्याला पडली" असं विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता.

पुस्तकवाल्यांसाठी एकच, कादंबरी लावू नका, कुणाची वाचून होत नाही आणि मग लाजेने यायचं बंद करतात. एक कथा घ्या, तिथेच बसून आलटून पालटून मोठ्याने वाचा, अर्ध्या-पाऊण तासात होते, मग बोला. बारापेक्षा जास्त माणसं झाली तर दोन गट करा. कॅरम, बॅडमिंटन, बुद्धिबळ यांचं मी काही सांगत नाही, जागा आणि साहित्य दिलं की ते आपलं आपण चालतं.

जेवणाचं नीट ऐका. पुण्यात बऱ्याच मेसला रविवारी रात्री सुट्टी असते आणि हॉस्टेलची मुलं त्या रात्री काहीतरी बिस्कीट-मॅगीवर काढतात. म्हणून आम्ही डबा पार्टी महिन्यातल्या पहिल्या रविवारी रात्री ठेवली. घर असलेल्यांनी एक पदार्थ जास्तीचा करून आणायचा, हॉस्टेलवाल्यांनी काकडी-टोमॅटो चिरायचे, भांडी घासायची, ताक करायचं. कुणीही रिकाम्या हाताने आल्यासारखं वाटून घेत नाही. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा, व्हेज, अंडं, नॉनव्हेज, मटण हलाल आहे का, कांदा-लसूण आहे का, आणि शेंगदाणा आहे का हे तर नक्कीच. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळीकडे असतं आणि आपल्याला ते पदार्थात धरायची सवयच नाही, बाहेरच्या कुणाला त्याची ॲलर्जी असली तर जिवावर बेतू शकतं.

मोठे कार्यक्रम वर्षाला चारच करा. ऑगस्टमध्ये ॲडमिशन झाल्यावर ओळखीचा, मग कोजागरी, मग संक्रांतीचा तिळगूळ, आणि 10 फेब्रुवारीला विद्यापीठाचा वर्धापन दिन असतो त्या सुमाराला सगळ्या गटांनी आपापलं काम दाखवायचं. परीक्षेच्या महिन्यात काहीही ठेवू नका. कोजागरीचा हिशोब देऊन ठेवते, साठ माणसांना दीडशे मिली धरलं तर नऊ लिटर होतं, पण आटतं म्हणून बारा लिटर दूध घ्यायचं, साखर सव्वा किलो, जायफळ, वेलची, चारोळी. दुधवाल्याला आठवडाभर आधी सांगा, त्या दिवशी पुण्यात दुधाचा भाव चढतो. पातेल्यात आधी थोडं पाणी उकळून मग दूध ओतलं तर खाली लागत नाही. स्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, कायदा आहे, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरच मजा येते, सगळे सतरंजीवर जवळ सरकतात आणि बिनमाइकचं गातात.

परवानगीचा अर्ज पंधरा दिवस आधी द्या, त्यात तारीख, वेळ, अंदाजे माणसं, जबाबदार दोन व्यक्तींचे नंबर, आणि एक प्रत सिक्युरिटीला. पोच घ्यायला विसरू नका.

व्हॉट्सॲपवर एक फक्त सूचनांचा ग्रुप करा जिथे ॲडमिनच लिहू शकतात, आणि प्रत्येक गटाचा वेगळा. सगळ्यांचा एकच ग्रुप केलात तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली शनिवारची वेळ सापडत नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी सूचना मराठीत आणि इंग्लिशमध्ये दोन्ही टाका, चार ओळीच तर असतात.

पैशांचा हिशोब दोन माणसांकडे ठेवा, एक स्टाफमधला आणि एक विद्यार्थी, आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर तीन दिवसांत जमा-खर्चाचा फोटो ग्रुपवर. वर्गणी विद्यार्थ्यांना कमी, नोकरीवाल्यांना जास्त, आणि ज्याला जमत नाही त्याने एका जणाला येऊन हळूच सांगायचं, पुढे विचारपूस नाही. आमच्याकडे यावरून कधी वाद झाला नाही कारण आकडे सगळ्यांसमोर होते.

आणि एक, मे महिना. विद्यापीठात दर मेमध्ये अर्धी माणसं निघून जातात, ज्याने गट चालवला तोच पास होऊन जातो. म्हणून प्रत्येक गटाला फेब्रुवारीतच दुसरा माणूस जोडीला द्या आणि शेवटच्या तीन भेटी त्यालाच घ्यायला लावा. आम्ही एक जाड वही ठेवली होती, कोणती सतरंजी कुणाच्या घरी आहे, मोठं पातेलं कुठून आणायचं, अर्ज कुठल्या खिडकीला द्यायचा, मागच्या वेळी काय कमी पडलं, सगळं त्यात. मी कॅम्पस सोडला तेव्हा ती वही भाषेच्या गटातल्या एका मुलीला दिली, ती पहिल्यांदा आली तेव्हा दारात उभं राहून तिचं नाव मीच विचारलं होतं.