वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीच्या कामावर देखरेख करताय? या चुका टाळा

देखरेखीचं काम हाती आल्यावर पहिलं वर्षभर माझ्या मासिक अहवालात सगळ्यात वर एकच आकडा असायचा: किती प्राणी पकडले. एका महिन्यात तो जवळजवळ दुप्पट झाला आणि मी समाधानानं सही केली. त्याच फायलीत चार पानं पुढे मारल्या गेलेल्या मेंढ्यांचा आकडा होता, तोही वाढलेला. दोन्ही पानं मी कधी शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती.

सरकारी जीवशास्त्रज्ञाची नेमणूक नुकसान कमी करण्यासाठी असते. पकडणं, हुसकावणं, कुंपण घालणं, क्वचित मारणं ही सगळी त्याची साधनं. हे नजरेआड झालं की पुढच्या चुका एकामागून एक येत जातात. खाली लिहिलेल्या बहुतेक मी स्वतः केल्या आहेत, नाहीतर माझ्या पथकाकडून होताना पाहिल्या आहेत.

गुन्हेगार ठरायच्या आधीच सापळा

तक्रार येते तेव्हा तिच्यात प्राण्याचं नाव आधीच लिहिलेलं असतं. पथक तेच नाव वहीत उतरवतं आणि त्या मापाचा पिंजरा गाडीत चढतो. नेमकं इथेच पथकाला थांबवायचं असतं.

मेलेल्या मेंढीच्या मानेची कातडी सोलून बघायला सांगा. बाहेरून लोकरीत दोन बारीक छिद्रं दिसतात, बाकी काही नाही. कातडी उलटी केल्यावर दातांच्या खुणांभोवती रक्त साकळून काळंजांभळं झालेलं दिसलं, तर चावा बसला तेव्हा जनावर जिवंत होतं. आतली बाजू फिकी आणि स्वच्छ असेल तर ते आधीच मेलं होतं आणि नंतर कुणीतरी येऊन खाल्लं. हा फरक न पाहिल्यानं काय होतं? रोगानं मेलेल्या मेंढीवर कोल्हा येतो, पिंजरा कोल्ह्यासाठी लागतो आणि रोग कळपात तसाच राहतो.

मार्जारकुळातले मोठे शिकारी बहुधा गळा किंवा मान धरतात. मोकाट कुत्र्यांचे चावे मांड्या, कुशी, कान असे कुठेही असतात. एका रात्रीत बऱ्याच मेंढ्या जखमी होतात आणि खाल्लेलं मांस मात्र थोडं. सुळ्यांच्या खुणांमधलं अंतर पट्टीनं मोजून घ्या. नजरेच्या अंदाजावर अहवाल लिहू देऊ नका.

पिकाचंही तसंच. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ती कोंब ओढून तोडतात आणि टोक चिंध्यांसारखं फाटतं. ससा मात्र तिरका, चाकूनं छाटल्यासारखा कापतो. ही खूण पाच सेकंदांत दिसते, पण त्यासाठी वाफ्यात गुडघ्यावर बसावं लागतं. बांधावर उभं राहून केलेला पंचनामा मी परत पाठवते.

विमानतळांवर तर ओळखीचं मोल आणखी मोठं. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमधून उडालेल्या यूएस एअरवेजच्या १५४९ क्रमांकाच्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा गूज जातीचे पक्षी गेले आणि वैमानिकानं विमान हडसन नदीवर उतरवलं. विमानातले सर्व १५५ जण वाचले. पुढे स्मिथसोनियन या अमेरिकी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी इंजिनांतल्या पिसांमधले हायड्रोजनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तपासले, तेव्हा ते पक्षी शहरात मुक्कामी असलेले नसून उत्तरेकडून आलेले स्थलांतरित असल्याचं दिसलं. जवळच्या तळ्यावरचे मुक्कामी पक्षी हटवून स्थलांतरित थव्यांचा धोका जात नाही. त्यासाठी त्यांच्या हंगामाचा आणि उंचीवरच्या वाटांचा विचार वेगळा करावा लागतो.

दुसरीकडे नेऊन सोडलं म्हणजे सुटलं

हा उपाय सगळ्यांना पटतो, कारण त्यात कुणी मरत नाही आणि पिंजरा भरलेला दिसतो. मलाही पटायचा. जुन्नरच्या बिबट्यांचा अभ्यास वाचल्यावर माझं मत बदललं. तिथे शंभराहून अधिक बिबटे, मुख्यतः पाळीव जनावरं मारल्याच्या तक्रारींवरून, पकडून आसपासच्या जंगलांत सोडले गेले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. ही मोहीम सुरू झाल्यावर ते सरासरी १७ झाले. सोडलेल्या ठिकाणांच्या जवळही हल्ले झाले.

कारण समजायला अवघड नाही. पकडलेला प्राणी ताणात असतो, नव्या मुलखात त्याला ना पाण्याची वाट माहीत ना लपायची जागा. मोठ्या मांजरांमध्ये घरी परतायची ओढही जबर असते. इकडे रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा, बरेचदा तरुण नर शिरतो. म्हणजे एका ठिकाणचा प्रश्न दोन ठिकाणी होतो.

मंजुरीची फाईल समोर आली की मी आता तीनच गोष्टी विचारते. हाच प्राणी नुकसान करत होता याचा पुरावा काय? जिथे सोडणार तिथे त्याच जातीचे किती आहेत? आणि गोठ्याला दार बसवलं का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर फाईल पुढे जात नाही.

कुंपण आहे, तरी रानडुकरं येतात

ही तक्रार आली की पथकाचा पहिला सल्ला ठरलेला असतो: तारेत झटका सोडणारं मोठं मशीन घ्या. एकदा मी स्वतः तारेच्या कडेनं चालत गेले. मशीनजवळ मीटरवर ६,२०० व्होल्ट, लांबच्या कोपऱ्यात १,४००. वळणानंतरच्या तिसऱ्या खांबाजवळ बारीक टिकटिक ऐकू आली. सगळ्यात खालच्या तारेला एक वेल विळखा घालून होती, पानांची टोकं जळून काळी पडलेली. दव पडलं की सगळा झटका त्या वेलीतून जमिनीत उतरत होता.

वेल काढली, तरी आकडा ३,००० च्या आसपासच अडला. मग अर्थिंग पाहिलं. सळई शेडच्या छपराखाली, कोरड्या मुरमात ठोकलेली. कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे प्राण्याला झटका बसायला लागणारं विजेचं मंडलच पूर्ण होत नाही. ओलाव्याच्या जागी, एकमेकींपासून तीन मीटरवर तीन सळया खोल ठोकल्यावर कोपऱ्यातला आकडा ५,००० च्या वर गेला. मशीन तेच राहिलं. तेव्हापासून कुंपणाच्या प्रत्येक तक्रारीत मी दोन टोकांचे आकडे मागते. शिवाय रानडुकरासाठी खालची तार वीतभर उंचीवरच हवी. ते नाक लावून पाहतं आणि झटका तिथेच बसायला हवा.

आवाजाच्या तोफा, चमकत्या पट्ट्या, बुजगावणी यांचं दुखणं वेगळं. ती एकाच जागी राहिली की काही दिवसांत प्राणी त्यांना सरावतात. दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला, वेळ बदला, आणि नुकसान सुरू व्हायच्या आत लावा. एकदा कणसांची चव लागली की हुसकावणं फार कठीण.

आमिषाचं माप आणि मेलेले प्राणी

विषाच्या वापरावर देखरेख करणाऱ्या प्रत्येकानं अलास्कातल्या रॅट आयलंडची हकीकत माहीत करून घ्यावी. २००८ मध्ये उंदीर संपवण्यासाठी त्या बेटावर ब्रॉडिफॅकॉम या उंदीरनाशक विषाचं आमिष हेलिकॉप्टरनं टाकलं गेलं. उंदीर संपले, पण बाल्ड ईगल जातीचे ४६ गरुड आणि शेकडो कुरव पक्षीही मेले. पुढच्या चौकशीत आमिष जास्त पडल्याचं आणि मेलेले पक्षी वेळेत न उचलल्याचं समोर आलं. कुरवांनी आमिष खाल्लं, गरुडांनी कुरव खाल्ले. लेबलवरचं माप म्हणजे कायद्यानं घातलेली हद्द आहे, 'थोडं जास्त टाकू, खात्री होईल' याला तिथे जागा नाही. किती किलो नेलं, किती पसरलं, किती परत आणलं, तीनही आकडे जुळल्याशिवाय दिवस संपवू नका.

पथक गप्प का आहे?

ही चूक मला सगळ्यात जास्त लागली. एका कर्मचाऱ्याच्या सापळ्यात नको तो प्राणी अडकला, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर बोलले. त्यानंतर काही महिने चुकून अडकलेल्या प्राण्यांचा रकाना शून्य. मला वाटलं, काम सुधारलं. मग एका ओघळीत मेलेलं उदमांजर दिसलं, पायावर आमच्याच सापळ्याची खूण. ते कुणी नोंदवलं नव्हतं, कारण नोंदवणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

पथकाची माफी मागून मी नियम बदलला: त्याच दिवशी कळवलेल्या गोष्टीवर शिक्षा नाही, लपवलेल्यावर आहे. रकाना भरू लागला, आणि दोन जागी सापळे पाणवठ्याच्या वाटेवर लावले जातात हे त्यातूनच कळलं. सापळे रोज सकाळी ऊन चढायच्या आत तपासले जातात ना, हे अधूनमधून न सांगता जाऊन पाहा. सही करणारा कधीच जागेवर जात नसेल तर वहीतल्या वेळा फार नेटक्या दिसू लागतात.

भुलीच्या औषधांबाबत मात्र सवलत नाही. एटॉर्फिनसारखं औषध माणसाच्या कातडीवरच्या जखमेतून गेलं तरी जीव जाऊ शकतो. एकट्यानं हाताळायचं नाही, उतारा भरून जवळ ठेवायचा आणि तो कसा टोचायचा हे दुसऱ्या माणसाला येत असलं पाहिजे.

तक्रार 'बंद' करायची घाई

पिंजरा उचलला की तक्रार बंद, अशी पद्धत असते. मी अहवालाचा नमुना बदलून घेतला. पहिल्या भेटीतच नुकसान मोजायचं: किती ओळी, किती रोपं, किती जनावरं. तीच जागा, तीच ओळ पंधरा दिवसांनी आणि पुढच्या हंगामात पुन्हा मोजायची. पकडलेल्या प्राण्यांचा रकाना आता शेवटच्या पानावर आहे. वर मेंढपाळाच्या सहीसह दोन आकडे असतात, आधीचा आणि नंतरचा, आणि दुसरा आकडा भरल्याशिवाय माझ्या टेबलावरून फाईल हलत नाही.