वृद्धांमधील मानसिक विकार: ओळख आणि उपचारांचे प्रशिक्षण कसे आखावे

वृद्धांच्या मानसिक आरोग्यावरील प्रशिक्षण आखताना बहुतेक संयोजक आधी विषयांची यादी करतात, मग वक्ते शोधतात आणि दोन दिवसांत नैराश्यापासून डिमेन्शियापर्यंत (स्मृतिभ्रंश) सारे काही उरकून टाकतात. प्रशिक्षणार्थी भरगच्च टिपणे घेऊन परततात आणि पुढच्याच ओपीडीत "वयोमानाप्रमाणे असे होणारच" म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देतात. हे टाळायचे असेल, तर व्याख्यानांना कमीत कमी वेळ द्यावा, मुलाखतीच्या सरावाला त्याहून अधिक द्यावा आणि प्रशिक्षण संपल्यानंतरच्या देखरेखीसाठी सर्वाधिक वेळ आणि पैसा राखून ठेवावा.

तयारीची सुरुवात प्रशिक्षणार्थींच्याच कामापासून करावी. प्रत्येकाने आपल्या ठिकाणच्या साठीपुढील वीस रुग्णांचे केसपेपर काढून त्यांत मनःस्थिती, झोप, स्मरणशक्ती, मद्यपान, ऐकू येण्याची क्षमता आणि चालू औषधे यांपैकी कशाकशाची नोंद आहे ते पाहावे. निष्कर्ष बहुधा अस्वस्थ करणारे असतात, पण वर्गात त्यावरून कोणाला बोल लावू नये. सहा महिन्यांनी तुलना करण्यासाठी ही नोंद उपयोगी पडते. डॉक्टर, परिचारिका आणि समाजकार्यकर्ते यांना लक्षणे ओळखण्याच्या सत्रांत एकत्र बसवावे आणि औषधांच्या सत्रांपुरते वेगळे करावे. रात्री दोन वाजता अंगावरची सलाईनची नळी ओढणारा रुग्ण सकाळच्या राउंडला शांत झोपलेला असतो. त्याची रात्रीची अवस्था फक्त परिचारिकेला ठाऊक असते आणि ती सांगण्याची संधी मिळाली नाही, तर निदान हुकते.

अभ्यासक्रमाचा पाया डिलिरियम (अचानक उद्भवणारी संभ्रमावस्था), नैराश्य आणि डिमेन्शिया यांतील फरकाने घालावा, आणि त्याच क्रमाने. डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत सुरू होतो, दिवसभरात कमीजास्त होतो आणि त्यात सर्वांत आधी लक्ष ढळते. त्यामागे जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची वा क्षारांची कमतरता, तुंबलेली लघवी किंवा एखादे नवे औषध असू शकते, म्हणून ती तातडीची वैद्यकीय अवस्था समजावी. नैराश्य काही आठवड्यांत उलगडते, तर डिमेन्शिया महिने आणि वर्षे घेतो. गोंधळ असा की हे तिन्ही एकाच व्यक्तीत एकाच वेळी असू शकतात आणि डिमेन्शिया असलेल्यालाच डिलिरियम होण्याचा धोका अधिक असतो. आरडाओरडा करणारा डिलिरियम सर्वांना कळतो. निपचित पडून राहणारा, विचारले तरच पुटपुटणारा रुग्ण मात्र "खचला आहे" म्हणून सोडून दिला जातो. याच प्रकारावर सर्वाधिक वेळ घालवणे योग्य ठरते.

येथे एक छोटी चाचणी सर्वांकडून करून घ्यावी: रुग्णाला डिसेंबरपासून सुरुवात करून वर्षाचे महिने उलटे सांगायला लावायचे. डिलिरियमसाठी वापरल्या जाणाऱ्या चार घटकांच्या '४एटी' चाचणीत हा भाग आहे, आणि सात किंवा अधिक महिने बरोबर सांगता आले की लक्ष पुरेसे टिकते असे मानतात. पूर्ण चाचणीत चार किंवा त्याहून अधिक गुण आले, तर डिलिरियमची शक्यता गृहीत धरून कारण शोधायला लागावे. प्रशिक्षणार्थींनी आधी एकमेकांवर आणि त्याच दिवशी वॉर्डमध्ये, रुग्णाची संमती घेऊन, ही चाचणी करावी. महिन्यांचा क्रम कधी शिकलेलाच नसेल, तर आठवड्याचे वार उलटे विचारून लक्षाचा अंदाज घेता येतो. पण अशा वेळी वरचा गुणांक लावू नये.

नैराश्याचे सत्र व्याख्यानाने सुरू करू नये. वृद्धाची भूमिका करण्यासाठी एखाद्या ज्येष्ठ स्वयंसेवकाला तयार करावे आणि सोबत "मुलगा" म्हणून दुसऱ्याला बसवावे. बाईंची तक्रार पोटात जळजळ आणि पाय गळून जाण्याची. प्रत्येक प्रश्नाला उत्तर मुलगाच देतो. प्रशिक्षणार्थीने आधी मुलाला आदराने बाहेर थांबण्याची विनंती करायची, खुर्ची बाईंच्या समोर आणि चांगल्या कानाच्या बाजूला ओढायची आणि मग विचारायचे, "पूर्वी ज्यात तुमचं मन रमायचं, त्यात हल्ली लागतं का?" अनेक वृद्ध "उदास वाटतं" असे कधीच म्हणत नाहीत, ते दुखणे, झोप, बद्धकोष्ठता किंवा विसराळूपणा सांगतात, आणि "मन लागत नाही" हे कोणी विचारल्यावरच बाहेर येते. त्यापुढचा प्रश्न प्रत्येकाने मोठ्याने, सर्वांसमोर उच्चारून पाहावा: "जगण्यात अर्थ नाही, आपण संपून जावं, असं कधी मनात येतं का?" तो विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजतो ही समजूत निराधार आहे, तरीही पहिल्या वेळी बहुतेकांची जीभ अडखळते. वृद्ध पुरुषांमध्ये आत्महत्येचे प्रमाण जगाच्या बहुतेक भागांत जास्त आहे आणि वृद्धांचे प्रयत्न अधिक प्राणघातक ठरतात. त्यामुळे जीभ सैल होईपर्यंत सराव करून घेणे हे प्रशिक्षकाचे काम आहे. उत्तर "हो" आले तर योजना, हाताशी असलेली साधने आणि घरातील सोबत यांची चौकशी कशी करायची, हेही त्याच सत्रात घ्यावे.

मोजपट्ट्या आवश्यक आहेत, पण त्यांचा मोह आवरावा. 'जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल'च्या संक्षिप्त रूपात हो-नाही स्वरूपाचे १५ प्रश्न आहेत. साधारणपणे पाचपेक्षा अधिक गुण आले की पुढील तपासणी करावी, आणि वाचणे कठीण असलेल्यांना प्रश्न वाचून दाखवावेत. डिमेन्शिया बराच वाढला असेल तर या उत्तरांवर विसंबता येत नाही. अशा वेळी काळजी घेणाऱ्या व्यक्तीकडूनही माहिती घेऊन नैराश्य मोजणारे १९ मुद्द्यांचे 'कॉर्नेल स्केल' वापरावे. १९७५ची 'एमएमएसई' आणि २००५ची 'मोका' या स्मरणशक्ती आणि आकलन तपासणाऱ्या ३० गुणांच्या चाचण्यांवर शिक्षणाचा मोठा परिणाम होतो, आणि चष्मा घरी विसरलेल्या किंवा कान मळाने बंद झालेल्या माणसाचे गुणही पडतात. म्हणून चाचणीपूर्वी चष्मा आणि श्रवणयंत्र तपासण्याची शिस्त लावावी. चाचणीइतकीच महत्त्वाची माहिती कुटुंबीयांकडे असते: पैशांचा हिशेब, औषधे वेळेवर घेणे, ओळखीच्या रस्त्याने परत येणे यांत वर्षभरापूर्वीच्या तुलनेत काय बदलले?

थायरॉइड, बी-१२, सोडियम, साखर आणि हिमोग्लोबिन यांच्या तपासण्यांची यादी फलकावर लिहिली की पुरते. औषधांच्या पिशवीवर मात्र वेळ द्यावा. एका काल्पनिक रुग्णाच्या सर्व गोळ्यांची रिकामी पाकिटे टेबलावर मांडावीत आणि गटाने गोंधळ वाढवणारी औषधे वेगळी काढावीत. झोपेची गोळी, ॲलर्जीचे जुने औषध, लघवी रोखणारे औषध आणि अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरील जुने औषध ही चारही एकाच माणसाला, चार वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली, अशी केस मुळीच अतिरंजित नाही. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले आणि वेळोवेळी सुधारले जाणारे 'बिअर्स निकष', म्हणजे वृद्धांत टाळावयाच्या औषधांची यादी, यासाठी हाताशी ठेवावेत.

उपचारांच्या सत्रात "कमी मात्रेने सुरुवात, सावकाश वाढ" हे सूत्र सर्वांना पाठ असते; विसर पडतो तो वाढवण्याचा. सुरुवातीच्या अर्ध्या मात्रेवरच रुग्ण सहा महिने राहतो आणि मग औषध लागू पडले नाही असे ठरते. म्हणून प्रत्येक काल्पनिक केसमध्ये दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्याला काय करणार, हे लिहून घ्यावे. एसएसआरआय या नैराश्यावरील गटातील औषधांनी वृद्धांत सोडियम उतरू शकते, याच गटातील सिटालोप्रामची मात्रा साठीनंतर दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये, बेन्झोडायझेपिन गटातील झोपेच्या आणि चिंतेवरील गोळ्यांनी पडणे आणि संभ्रम वाढतो, हे मुद्दे सुटता कामा नयेत. डिमेन्शियातील चिडचिडीसाठी अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरील औषध) देण्याआधी वेदना, बद्धकोष्ठता, संसर्ग आणि एकटेपणा यांचा शोध घ्यावा. या औषधांनी डिमेन्शियाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. लेवी बॉडी या प्रकारच्या डिमेन्शियात तर हॅलोपेरिडॉल या अँटिसायकोटिकने रुग्ण अक्षरशः ताठरून जाऊ शकतो.

औषधांखेरीजचे उपचार तज्ज्ञांपुरते राखून ठेवू नयेत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इम्पॅक्ट' या अमेरिकी अभ्यासात साठीपुढील १,८०१ नैराश्यग्रस्तांपैकी निम्म्यांच्या पाठपुराव्याची जबाबदारी प्राथमिक केंद्रातीलच प्रशिक्षित परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे होती. त्यांनी समस्या सोडवण्याची पद्धत शिकवली आणि औषधांवर लक्ष ठेवले. वर्षभराने या गटातील सुमारे ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा अधिक घटली, तर नेहमीच्या उपचारांवरील गटात हे प्रमाण १९ टक्के होते. तज्ज्ञ नसलेल्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा आराखडा हवा असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेची 'एमएचगॅप' मार्गदर्शिका घ्यावी. तिची दुसरी आवृत्ती २०१६ची आहे.

देखरेखीबाबत संयोजकांनी स्वीडनच्या गॉटलँड बेटाचा अनुभव लक्षात ठेवावा. तेथे १९८३ आणि १९८४ मध्ये सर्व कौटुंबिक डॉक्टरांना, सर्व वयांच्या रुग्णांतील नैराश्य ओळखण्याचे आणि त्यावर उपचार करण्याचे शिक्षण देण्यात आले. त्यानंतर बेटावरील आत्महत्या घटल्या. पण अनेक डॉक्टर बेट सोडून गेले, शिक्षणाची उजळणी झाली नाही आणि तीनेक वर्षांत परिणाम ओसरला. म्हणून किमान वर्षभर, दर महिन्याला एक तास, प्रत्येकाने आपली एक अडलेली केस मांडावी, फोनवर सल्ला देणारा मानसोपचारतज्ज्ञ आधीच निश्चित करावा आणि नव्याने रुजू झालेल्यांसाठी सरावाची सत्रे पुन्हा घ्यावीत. सहाव्या महिन्यात पुन्हा वीस केसपेपर काढावेत. त्या वेळी अचूक निदाने मोजण्याआधी मनःस्थितीचा आणि आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न विचारल्याची नोंद किती कागदांवर आहे ते पाहावे. नोंद आढळली नाही, तर नवे व्याख्यान ठेवण्याऐवजी त्या प्रशिक्षणार्थीसोबत एक दिवस ओपीडीत बसावे.