जर्मनीत मास्टर्स करायचंय? सुरुवात मार्कशीटवरच्या नावापासून करा

जानेवारी २०२४मध्ये कॅनडाने स्टडी परमिटच्या संख्येवर मर्यादा आणली. त्याच महिन्यात ब्रिटनने बहुतेक मास्टर्स विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्यास बंदी घातली. साहजिकच बऱ्याच जणांचा ओढा जर्मनीकडे वळला. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात तिथे ४९ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. पण सरकारी विद्यापीठात फी नाही म्हणजे सगळंच सोपं, असं नाही.

पहिली पायरी एपीएस, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची तपासणी. नोव्हेंबर २०२२पासून या पडताळणी प्रमाणपत्राशिवाय स्टुडंट व्हिसा नाही. शुल्क १८ हजार रुपये. गोंधळ होतो तो नावात. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. सगळे फॉर्म पासपोर्टप्रमाणेच भरा. नुसता क्रम उलटा असेल तर काळजी नको, पण स्पेलिंगच वेगळं असेल तर अर्जाआधी दुरुस्त करून घ्या. कॉलेजच्या ऑफिसात यात महिने जातात.

मार्कशीट दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. ग्रेडिंगची माहिती बऱ्याचदा मागच्या बाजूला असते आणि सगळा हिशेब तिच्यावर चालतो. जर्मन ग्रेडचं सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला (कमाल वजा किमान उत्तीर्ण गुण) याने भागा, ३ने गुणा आणि १ मिळवा. समजा सीजीपीए १०पैकी ७ आहे. पास होण्याची मर्यादा ४ असेल तर ग्रेड २.५ येतो, ती ५ धरली गेली तर २.८. जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला, आणि अनेक कोर्सना २.५ची अट असते. म्हणून किमान उत्तीर्ण ग्रेड कुठेच छापलेला नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र घ्या.

हिवाळी सत्राची १५ जुलै ही तारीख सगळ्यांना पाठ असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच मास्टर्स कोर्सची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. कोर्सचं स्वतःचं पान वाचा. युनि-असिस्ट (अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) मार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. छाननीला चार ते सहा आठवडे धरा.

फुकट शिक्षणालाही अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४च्या हिवाळी सत्रापासून फी लावली. 'फ्री कौन्सेलिंग' करणारा एजंट फक्त खासगी विद्यापीठंच सुचवत असेल, तर त्याचं कमिशन कुठून येतं ते विचारा.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाच्या राहण्याच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. कर्ज काढणार असाल तर ही रक्कम मंजुरीपत्रात धरली आहे का, आणि बँक ती प्रवेश मिळताच वळती करते का, हे आधीच विचारून ठेवा. व्हिसा नाकारला गेला तर फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय जुलै २०२५पासून बंद आहे. नवा अर्ज किंवा थेट कोर्ट, एवढेच मार्ग उरतात.

तिथे पोहोचल्यावर या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो हातात येतात, पण स्थानिक बँक खातं उघडल्यावरच. घरमालक मात्र डिपॉझिट आधी मागतो, आणि ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं असू शकतं. ते पैसे वेगळे ठेवा.