मेंदूतली जनुकं मोजताना या चुका टाळा: लक्ष आणि शिकण्यावरचे प्रयोग

प्रश्न ऐकायला सोपा असतो. उंदरांच्या एका गटाला काहीतरी शिकवलं, दुसऱ्याला नाही. दोन्ही गटांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून (मेंदूच्या पुढच्या भागातून) आरएनए (चालू जनुकाची नक्कल) काढला आणि कुठलं जनुक वर गेलं, कुठलं खाली आलं ते पाहिलं. आकडे हमखास येतात. पण ते शिकण्यामुळे आले, पिंजरा हलवल्यामुळे, झोप मोडल्यामुळे की ऊतक विकरात (एन्झाइममध्ये) ठेवल्यामुळे, हे आकड्यांकडे बघून कळत नाही. ते प्रयोगाच्या आराखड्यातच ठरवावं लागतं: केव्हा मोजायचं, कुठल्या पेशीत मोजायचं, आणि जनुकाचं नेमकं कुठलं रूप (एकाच जनुकापासून बनणाऱ्या वेगवेगळ्या आरएनएंपैकी) मोजायचं. 'किती' हा प्रश्न त्यानंतरचा. नवशिके बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतात आणि मग सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाते.

घड्याळ न बघता मेंदू काढणं

सी-फॉस, आर्क, ईजीआर-१, होमर-१ए ही जनुकं चेतापेशी उद्दीपित झाली की काही मिनिटांत चालू होतात, म्हणून कुठल्या पेशी कामाला लागल्या हे शोधायला ती वापरतात. पण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आहे. सी-फॉसचा आरएनए साधारण ३० मिनिटांनी शिखरावर असतो, त्याचं प्रथिन ६० ते १२० मिनिटांनी. आर्कचा आरएनए ५ मिनिटांत केंद्रकात ठिपक्यांसारखा दिसतो आणि अर्ध्या तासात पेशीद्रवात उतरलेला असतो. क्यूपीसीआर (आरएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) करायचं असेल आणि मेंदू ९० मिनिटांनी काढला, तर आरएनए उतरणीला लागलेला असतो. प्रथिनाचं स्टेनिंग (अँटिबॉडी वापरून प्रथिनाला रंग देणं) करायचं असेल आणि मेंदू २० मिनिटांत काढला, तर स्लाइड जवळपास कोरी दिसते. मग दोष अँटिबॉडीला दिला जातो.

यातली खरी गोची 'कुठून मोजायचं' ही आहे. ट्रेनिंगचं सत्र एक तासाचं असेल, तर ३० मिनिटं सुरुवातीपासून धरायची की शेवटापासून? तासाभराच्या सत्रात वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या वेळी चालू होतात आणि हाती येतं ते सगळ्यांचं मिश्रण. माझी सवय अशी की मेंदू काढायच्या दिवशीचं सत्र ५ ते १० मिनिटांचंच ठेवायचं. सत्र संपलं की उंदीर त्याच्या नेहमीच्या पिंजऱ्यात, शांत खोलीत. प्रत्येक उंदराची वेळ वेगळी लिहायची, गटाची एकच सरासरी वेळ नाही. आर्कच्या दोन मुक्कामांचा फायदाही घेता येतो: पहिलं सत्र ५ मिनिटं, मग २० मिनिटं विश्रांती, मग दुसरं सत्र ५ मिनिटं आणि लगेच मेंदू. पेशीद्रवातला आर्क पहिल्या सत्राचा, केंद्रकातले ठिपके दुसऱ्याचे. ही पद्धत १९९९ पासून उपलब्ध आहे आणि अजूनही तिच्याइतकं स्वच्छ उत्तर देणाऱ्या पद्धती थोड्याच आहेत.

कंट्रोल गट नुसता पिंजऱ्यात बसलेला असेल, तर तुमचा निकाल 'पेटीत जाऊन आलेला उंदीर विरुद्ध न गेलेला उंदीर' एवढाच आहे. त्यात शिकणं कुठे वेगळं काढलंय? कंट्रोलला तीच पेटी, तोच प्रकाश, तेवढंच बक्षीस मिळालं पाहिजे, फक्त संकेत आणि बक्षीस यांचा संबंध तोडलेला हवा. भीतीच्या प्रयोगात पेटीत ठेवल्या-ठेवल्या शॉक देणारा गट घ्यावा. शॉक तितकाच बसतो, पण जागेशी त्याची सांगड बसत नाही. शिवाय आधीचे ५ ते ७ दिवस रोज दोन-तीन मिनिटं प्रत्येक उंदराला हातात घ्या. हाताची सवय नसलेल्या उंदरात नुसतं उचलल्यानेही सी-फॉस वाढतं. हे दिवस वाचवणारे लोक शेवटी तणावाची जनुकं 'शिकण्याची जनुकं' म्हणून मांडतात.

आणि झोप. उंदीर रात्री जागतो, ट्रेनिंग मात्र माणसाच्या सोयीने दिवसा होतं. होमर-१ए हे झोपमोडीला ठामपणे प्रतिसाद देणारं जनुक आहे. दिवसा उठवून शिकवलेल्या उंदरात ते वाढलं, तर ते शिकल्यामुळे की जागल्यामुळे? उजेड-अंधाराचं चक्र उलटं करून ट्रेनिंग अंधाराच्या वेळेत आणा, नाहीतर कंट्रोलही तेवढाच वेळ जागा ठेवा.

'होमर-१ मोजलं' असं म्हणणं

जनुकाचं नाव लिहून रूप न लिहिणं ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, आणि होमर-१ इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. याची लांब रूपं, १बी आणि १सी, सायनॅप्समध्ये (चेतापेशींच्या जोडावर) ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचे एमग्लूआर-५ रिसेप्टर आणि त्यांच्या आधाराची प्रथिनं एकत्र बांधून ठेवतात. आखूड रूपं, होमर-१ए आणि आनिया-३, यांना दुसऱ्या रेणूशी जोडी जुळवणारी शेपटी नसते. ती मध्ये शिरली की तीच बांधणी सुटते. म्हणजे एकाच जनुकाची दोन रूपं एकमेकांच्या विरुद्ध काम करतात. दोघांची बेरीज करून 'होमर-१ बदललं नाही' असं लिहिलं, तर त्या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

हे लक्षाच्या बाबतीत किती महत्त्वाचं आहे, तेही सांगतो. आनुवंशिक वैविध्य असलेल्या २०० उंदरांवर झालेल्या मॅपिंगमध्ये १३व्या गुणसूत्रावरचा एक लहान पट्टा सापडला. लक्षाच्या आधीच्या पायरीवरच्या चाचणीतल्या फरकाचा सुमारे १९ टक्के भाग त्या एका पट्ट्याशी जोडलेला होता आणि त्यातलं कारणीभूत जनुक होमर-१ निघालं. जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये त्याची आखूड रूपं कमी केली, तेव्हा मोठेपणी लक्ष सुधारलं. त्याच पेशींमध्ये गाबाचे (चेतापेशींना शांत करणाऱ्या रसायनाचे) रिसेप्टर वाढलेले दिसले. अशा उंदरांत एरवी हा भाग शांत राहायचा आणि संकेत आला की नेमका उसळायचा. ज्यांच्यात होमर-१ जास्त होतं, त्यांच्यात तो पूर्ण वेळ चढलेला असायचा. 'जास्त अभिव्यक्ती म्हणजे जास्त क्षमता' हे गृहीतक घेऊन बसलेल्या माणसाला हा निकाल त्याच्या आकड्यांतून कधीच दिसला नसता.

आता प्रत्यक्ष काम. पहिले पाच एक्सॉन (जनुकाचे आरएनएत टिकणारे तुकडे) सगळ्या रूपांत सामाईक आहेत, त्यामुळे तिथे बसवलेले प्रायमर (क्यूपीसीआर कुठला तुकडा मोजेल ते ठरवणारे छोटे डीएनए धागे) सगळंच उचलतात. होमर-१एचा शेवट पाचव्या इंट्रॉनच्या (एरवी कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) आत होतो. म्हणून बरेच जण एक प्रायमर पाचव्या एक्सॉनमध्ये आणि दुसरा त्याला लागून असलेल्या इंट्रॉनच्या भागात बसवतात. इथेच घात होतो: या दोन प्रायमरांमध्ये कापला जाणारा इंट्रॉन नाही, त्यामुळे नमुन्यातला जीनोमिक डीएनएही तितक्याच लांबीचा तुकडा देतो. मेल्ट कर्व्ह सुंदर, जेलवर एकच पट्टी, आणि आकडा खोटा. पुढचा प्रायमर चौथ्या एक्सॉनमध्ये न्या, म्हणजे मधला मोठा इंट्रॉन डीएनएला अडवतो. डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) प्रक्रिया करा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) न घातलेला कंट्रोल प्रत्येक नमुन्याला लावा, प्लेटला एक नव्हे. सीडीएनए (आरएनएची डीएनए नक्कल) ऑलिगो-डीटीने (पक्क्या आरएनएच्या शेपटीला चिकटणाऱ्या प्रायमरने) बनवा, कारण रँडम प्रायमर लांब रूपांच्या कच्च्या आरएनएतला तोच इंट्रॉनही उचलतात.

सीक्वेन्सिंग केलं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. जनुकवार बेरजेच्या तक्त्यात सगळी रूपं एकाच ओळीत येतात. ज्या जनुकावर तुमचा निष्कर्ष टेकलेला आहे, त्याचे रीड (सीक्वेन्सिंगने वाचलेले तुकडे) आयजीव्ही या सॉफ्टवेअरमध्ये उघडून डोळ्यांनी पाहा. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता थेट तक्त्यावरून व्होल्कॅनो प्लॉट (कुठली जनुकं किती बदलली ते दाखवणारा आलेख) काढणाऱ्यांची घाई मला आजवर समजलेली नाही.

पेशी सुट्या करताना नवीच जनुकं चालू करणं

ऊतकातून पेशी सुट्या करायला विकर घालून ३७ अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवतात. पेशी तेव्हा जिवंत असतात. त्यांना हा आघात जाणवतो आणि त्या फॉस, जुन, ईजीआर-१ चालू करतात, म्हणजे नेमकी तीच जनुकं जी आपण शिकण्याची खूण म्हणून शोधतोय. २०१७ मध्ये स्नायूंच्या मूळपेशींवर काम करणाऱ्या संशोधकांना एक वेगळा उपगट दिसला: फॉस, जुन आणि उष्णता-प्रथिनांची जनुकं भरपूर असलेला. बारकाईने तपासल्यावर कळलं की ही खूण पेशी सुट्या करण्याच्या प्रक्रियेनेच उमटवली होती. २०२२ मध्ये मेंदूतल्या मायक्रोग्लियाबाबत (मेंदूच्या रोगप्रतिकारक पेशींबाबत) हाच धडा पुन्हा मिळाला. तरीही सक्रिय चेतापेशींचे नवे गट अशाच नमुन्यांतून आजही जाहीर होत असतात.

माझी पहिली पसंती गोठवलेल्या ऊतकातून केंद्रकं काढण्याला. सगळं बर्फावर, विकर नाही, आणि नुकतंच सुरू झालेलं फॉस केंद्रकातही छान दिसतं. अख्ख्या पेशीच हव्या असतील तर ॲक्टिनोमायसिन-डी (नवा आरएनए बनणं थांबवणारं द्रव्य), साधारण ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, परफ्यूजनच्या (रक्तवाहिन्यांतून सोडून मेंदू धुण्याच्या) द्रावणापासून शेवटच्या धुण्यापर्यंत प्रत्येक द्रावणात. फक्त विकराच्या टप्प्यात घातलं तर उशीर झालेला असतो. हे द्रव्य विषारी आहे आणि प्रकाशात खराब होतं, तेव्हा हातमोजे आणि फॉइल दोन्ही. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांनी किमान एक नमुना चिमट्याने उचलून थेट गोठवावा आणि त्यात फॉस किती आहे ते क्यूपीसीआरने ताडून बघावं.

थोडक्यात सांगण्यासारख्या

मेंदू थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकू नका, तडे जातात. कोरड्या बर्फाने थंड केलेला आयसोपेंटेन वापरा.

सगळे कंट्रोल सकाळी आणि सगळे शिकवलेले दुपारी, असं कधीही करू नका. एक हा, एक तो.

क्यूपीसीआरमध्ये एकट्या गॅपडीएचवर (तुलनेसाठी नेहमी घेतल्या जाणाऱ्या जनुकावर) विसंबू नका. दोन-तीन संदर्भ जनुकं घ्या आणि ती तुमच्या प्रयोगात खरंच स्थिर राहतात का ते आधी बघा. स्टँडर्ड कर्व्हचा (नमुना पातळ करत जाऊन प्रायमर किती नीट काम करतो ते दाखवणाऱ्या आलेखाचा) उतार -३.१ ते -३.६ च्या बाहेर गेला तर प्रायमर बदला, गणित नको.

पेशी ५,००० असल्या तरी उंदीर तीन असतील, तर एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) तीनच. पेशीला स्वतंत्र नमुना धरल्याने, गटांत काहीच फरक नसतानाही शेकडो जनुकं 'बदललेली' दिसतात हे २०२१ मध्ये नीट दाखवून झालंय. उंदीरनिहाय बेरीज करूनच तुलना करा.

अख्ख्या ऊतकाच्या नमुन्यात बदल दिसला नाही, म्हणजे बदल झालाच नाही असं नाही. उंदराच्या कॉर्टेक्समधल्या चेतापेशींपैकी गाबाच्या पेशी जेमतेम १५ ते २० टक्के, आणि पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या त्यातल्या सुमारे ४० टक्के. त्यांच्यातली दुपटीची वाढही एकूण आकड्यात बुडून जाते.

लक्ष मोजतोय असं समजून कान किंवा भूक मोजणं

आवाजाच्या प्रीपल्स चाचणीसाठी (मोठ्या आवाजाआधी हलका आवाज दिल्यावर दचकणं किती कमी होतं ते बघण्यासाठी) सी५७-ब्लॅक-६जे उंदीर घेता आणि वय वाढलेलं आहे? या वंशात सीडीएच-२३च्या बदलामुळे वयानुसार ऐकू येणं कमी होतं, आणि डीबीए-२जे तर तरुणपणीच बहिरे होऊ लागतात. एफव्हीबी-एन आणि सी३एच-एचईजे यांच्या डोळ्यांतला पडदा पीडीई-६बीच्या दोषाने लवकरच निकामी होतो. त्यांना प्रकाशाच्या ठिपक्यावरची पाच भोकांची चाचणी (प्रकाश दिसेल त्या भोकात नाक घालायचं) देणं म्हणजे वेळ फुकट. वंश ठरवण्याआधी हे तपासायलाच हवं.

पाच भोकांच्या चाचणीत फक्त 'प्रतिसाद न देता सुटलेल्या फेऱ्या वाढल्या' एवढ्यावर लक्ष कमी झालं असं म्हणू नका. अचूकता तशीच आहे, फेऱ्या सुटतायत आणि बक्षीस घ्यायला जायला वेळ लागतोय, तर उंदराला भूक नाही किंवा त्याची हालचाल मंद आहे. अचूकता घसरली आणि बक्षिसाचा वेळ तसाच आहे, तरच लक्षाकडे बोट दाखवता येतं. वजन रोज त्याच वेळी तोला आणि मुक्त खाण्याच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास ठेवा.

विषाणू टोचला आणि खिडकी निघून गेली

होमर-१चा परिणाम लहान वयातल्या बदलाचा आहे. प्रौढ उंदरात तोच बदल करून काही मिळालं नाही, हे त्या जनुकाविरुद्धचं मत होत नाही. लहान वयात करायचं तर हिशेब उलटा मांडा. एएव्ही (जनुकीय बदल पेशीत नेणारा विषाणू) टोचल्या दिवशी काम सुरू करत नाही. प्रौढांत पूर्ण जोर यायला तीन-चार आठवडे लागतात आणि पिल्लांतही दिवस जातातच. दुसऱ्या आठवड्यात परिणाम हवा असेल, तर इंजेक्शन जन्माच्या दिवशी. मग दोन-तीन पिल्लं ठरलेल्या वयाला बाजूला काढून आखूड रूपाचा आरएनए खरंच उतरलाय का ते मोजा, आणि उरलेल्यांवर वर्तनाची चाचणी त्यानंतरच लावा. एसएचआरएनए (ठरावीक आरएनए कमी करणारे छोटे आरएनए) किमान दोन वेगवेगळे घ्या, कारण जास्त मात्रेत ते पेशीची स्वतःची मायक्रोआरएनए यंत्रणाच (जनुकांवर ताबा ठेवणाऱ्या छोट्या आरएनएंची) तुंबवतात आणि आजारी पेशी शांत पेशीसारखी दिसते. दोघांचा निकाल जुळला नाही, तर मात्रा निम्मी करून पुन्हा टोचा.