फलाटावर एकटं मूल दिसलं तर

मुंबईत फादर रिकार्डो फ्रान्सिस या जेझुइट धर्मगुरूंनी 1962 साली रस्त्यावरच्या मुलांसाठी स्नेहसदन काढलं. मोठ्या वसतिगृहाऐवजी छोटी घरं आणि घरात आईबापांच्या जागी राहणारी माणसं, अशी तिथली रीत. स्टेशनवरच्या मुलाला छपराआधी भरवशाचं माणूस लागतं. फलाटावरच्या पहिल्या अर्ध्या तासातही तेच.

समोर उभं राहून वाकून बोलू नका. बाकावर हातभर अंतर ठेवून बसा. वडापाव घेतलात तर दोन घ्या आणि एक स्वतः खा. अनोळखी माणसाच्या हातचं खायचं नाही, हे या मुलांना पक्कं ठाऊक असतं. ‘घरातून का पळालास?’ हे आत्ता नकोच. परत पाठवतील या धास्तीने नाव-गाव बऱ्याचदा खोटं सांगितलं जातं. त्यापेक्षा गावचा बाजार कुठल्या वारी भरतो, जवळ नदी आहे का, गाडीत कुठे चढलास, असं विचारा. बाजाराचा वार सहसा कोणी रचून सांगत नाही आणि गाव शोधायला तो उपयोगी पडतो.

हातात चिंधी, तिला व्हाइटनरचा (शाई खोडायचा द्रव, नशेसाठी हुंगतात) उग्र वास, बोलणं जड असेल तर दटावू नका, मागे तर अजिबात धावू नका. अशी वाफ हुंगलेलं मूल अचानक घाबरलं किंवा पळालं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. मोकळ्या हवेत बसवा. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

मग 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. चोवीस तास, मोफत. रेल्वे हद्दीत 139 ही रेल्वेची हेल्पलाइन किंवा ड्यूटीवरचा आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) जवानही चालेल. फलाट क्रमांक, कपड्यांचा रंग, अंदाजे वय सांगा. मुलगी असेल तर महिला पोलीस मागा. माणूस येईपर्यंत हलू नका. फोन करून तुम्ही निघालात की मूलही पुढच्या लोकलने जातं.

दया येऊन मुलाला घरी नेणं ही सर्वांत मोठी चूक. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे एकट्या सापडलेल्या मुलाची खबर 24 तासांत द्यावीच लागते. नाही दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलाचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, न्यायचं असतं.

दुसरी चूक, तिकीट काढून थेट गावच्या गाडीत बसवणं. घरी मारच असेल तर ते पुन्हा पळणार. म्हणून समिती आधी सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, करवते; तिची मुदत 15 दिवसांची.

फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. पोलीस डायरीतला नोंद क्रमांक मात्र लिहून घ्या. पुढे चौकशी करताना तो लागतो. मूल कुठल्या बालगृहात आहे हे सांगतीलच असं नाही, आणि ते बरोबरच आहे.