ॲप्लिकेशनमधून विंडोज बंद करायचं असेल तर

बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘दिवस संपवा आणि संगणक बंद करा’ असं बटण द्यायचं असेल, तर आधी आपलं घर आवरा. डेटाबेसमधला चालू व्यवहार कमिट (पक्का) किंवा रोलबॅक (मागे घेणं) करून कनेक्शन बंद करा, उघड्या फाइल्समधला मेमरीत उरलेला मजकूर डिस्कवर उतरवा (फ्लश करा), बॅकअप पेन ड्राइव्हवर उतरत असेल तर तो संपेपर्यंत बटण दाबताच येऊ देऊ नका.

मग परवानगी. साध्या वापरकर्त्याला शटडाउनचा हक्क डेस्कटॉपवर सहसा असतो, सर्व्हरवर नसतो. पण असला तरी प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) टोकनमध्ये, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या तिच्या हक्कांच्या नोंदीत, तो बंद अवस्थेत असतो. ॲडजस्टटोकनप्रिव्हिलेजेस (AdjustTokenPrivileges) हे विंडोजचं फंक्शन वापरून तो चालू करावा लागतो. इथे बरेच जण फसतात: हक्क मिळाला नाही तरी हे फंक्शन यशस्वी झाल्याचंच सांगतं. त्यामुळे शेवटच्या चुकीचा क्रमांक सांगणारं गेटलास्टएरर (GetLastError) लगेच तपासा. 1300 आला तर हक्क मिळालेला नाही, आणि पुढचा, बंद करण्याचा कॉल 1314 ही चूक देऊन पडणार.

प्रत्यक्ष बंद करायला एक्झिटविंडोजईएक्स (ExitWindowsEx) हे फंक्शन, आणि त्यात पॉवरऑफचा फ्लॅग (पर्याय). हा कॉल फक्त प्रक्रिया सुरू करून परत येतो. ‘यशस्वी’ म्हणजे संगणक बंद झाला असं नव्हे. त्यानंतर विंडोज प्रत्येक ॲप्लिकेशनला ‘बंद करू का?’ असं विचारतं, आणि त्यात तुमचंही येतं. त्या प्रश्नावर तुमच्याच विंडोने ‘बदल सेव्ह करायचे का?’ असा डायलॉग उघडला, तर तुम्हीच स्वतःचं शटडाउन अडवून बसता. म्हणून तुमच्या प्रोग्रॅममध्ये ‘बंद होतोय’ अशी एक खूण आधीच लावून ठेवा आणि ती असताना डायलॉग टाळा. उत्तराला साधारण 5 सेकंद मिळतात, तेव्हा सेव्हचं जड काम तोवर उरायला नको.

सक्तीने बंद करण्याचा फ्लॅग नेहमीसाठी वापरू नका. शेजारी उघडलेल्या एक्सेलमधलं न सेव्ह केलेलं काम त्याने जातं, आणि ते काम तुमचं नसतं. सरळ शटडाउन कमांड चालवणार असाल तर लक्षात ठेवा, शून्याहून जास्त सेकंदांची मुदत दिली की सक्ती आपोआप लागू होते. तरी 60 सेकंदांची मुदत आणि स्क्रीनवर मोठं ‘रद्द करा’ बटण हवंच. रद्द करायला त्याच कमांडचा ‘ए’ स्विच.

चाचणी व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातल्या आभासी संगणकावर), आधीच्या स्थितीचा स्नॅपशॉट घेऊन: एकदा नोटपॅडमध्ये न सेव्ह केलेला मजकूर ठेवून, एकदा मर्यादित हक्कांच्या खात्यातून. पुन्हा चालू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनातला सिस्टिम लॉग उघडा. 1074 क्रमांकाच्या नोंदीत तुमच्या प्रोग्रॅमचं नाव दिसायला हवं. त्याऐवजी 6008 किंवा 41 दिसला, तर संगणक नीट बंद झालेला नाही. पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासा.